आकाशाचं रजिस्टर

संगमनेरला आमचा छापखाना होता तेव्हा दिवाळीच्या आधीचे दोन महिने घरी जेवायला जायचीही फुरसत नसे. दिनदर्शिका, पत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, सगळं एकदमच यायचं. मशीन सिंगल कलर. म्हणजे चार रंगांचं काम असलं की तोच कागद मशीनमधून चारदा जायचा: आधी पिवळा, मग मॅजेंटा, मग सायन, शेवटी काळा. प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी, प्लेट वेगळी, आणि गंमत अशी की फिल्म हातात घेतली तर तिच्यावर रंग कुठलाच नसायचा. गणपतीच्या चित्राच्या चारही फिल्मा दिव्याच्या काचेवर मांडल्या तरी चारही काळ्या-करड्याच. पिवळ्याची कोणती आणि मॅजेंटाची कोणती हे कोपऱ्यातलं अक्षर वाचूनच कळायचं.

एका वर्षी ते अक्षर फिल्मबरोबर कापलं गेलं. रात्री अकराला प्लेट चढली, मशीनमन पेंगुळलेला, मी हिशेबात. सकाळी पाहतो तर गणपतीच्या पायाशी वाहिलेली जास्वंद हिरवीगार आणि दूर्वांची जुडी लालभडक. मॅजेंटाच्या जागी सायनची प्लेट लागली होती, सायनच्या जागी मॅजेंटाची. अडीच हजार कागद रद्दीत गेले. पण त्यातला एक कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, कारण चित्रात तशी चूक दिसतच नव्हती. पाकळीची कड जिथल्या तिथे, मोदकाच्या कळ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. कोणत्या प्लेटला कोणती शाई लावायची, एवढंच बदललं होतं.

फिल्टर लावून घेतलेले आकाशाचे काळे-पांढरे फोटो संगणकावर जोडून रंगीत चित्र कसं करायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो अख्खा त्या रद्दीतल्या कागदात होता, हे कळायला मला पुढे वीस-बावीस वर्षं लागली.

ते कळलं साम्रदला. अकोले तालुक्यात, सांदण दरीच्या तोंडावरचं गाव. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेची सवय जात नाही) ऊस, कारखाने आणि हमरस्ते यांनी रात्र बरीच उजळून टाकली आहे. भंडारदऱ्याच्या पलीकडचा हा कोपरा मात्र अजून काळोख राखून आहे. पश्चिमेला घाटाखालून ठाणे-मुंबईकडचा उजेड वर येतो, उत्तरेला नाशिकचा. डोक्यावर मात्र खरी रात्र. हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत. पुढे आकाश धुळकटतं, मग काजवे बघायला गर्दी लोटते आणि जूनपासून चार महिने दुर्बिणीला कुलूप. भाच्याने मला नेलं ते माघातल्या अमावस्येला. दुर्बीण ध्रुवाकडे लावून घेणं हे पहिलं काम. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेएकोणीस अंशांवर असतो, त्यामुळे समोर झाड किंवा गोठा आला की तिवई उचलून पुन्हा पहिल्यापासून. दव पडू नये म्हणून भिंगाभोवती गरम पट्टा, वीज गाडीच्या बॅटरीतून. बिबट्याच्या धाकाने आम्ही आळीपाळीने मागेही बघत होतो.

गावातले एक आजोबा घोंगडी पांघरून आले. भाच्याने दुसऱ्या छोट्या दुर्बिणीतून त्यांना मृगातला तेजोमेघ दाखवला. मृगाच्या पोटात शिरलेला बाण आहे ना, त्याच्या खाली तीन बारीक ठिपके दिसतात, त्यांतला मधला. आजोबांनी डोळा लावला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “चुलीचा धूर दिसतोय. त्या पोस्टरातला लाल कुठंय?”

प्रश्न रास्त होता. अंधारात आपण पाहतो ते दंडपेशींनी, आणि त्यांना रंगाचं काही कळत नाही. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. तो तेजोमेघ सुमारे तेराशे प्रकाशवर्षं दूर. तिथला तांबडा खराच तांबडा आहे, पण आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो तो इतका विरळ की शंकुपेशी जाग्याच होत नाहीत. मृगातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा दिसतो, रोहिणी आणि ज्येष्ठा लालसर दिसतात, ते केवळ त्यांचा उजेड एका टिंबात गोळा झालेला असतो म्हणून. तेजोमेघाचा पसरलेला उजेड मात्र करडाच राहतो.

मग भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर तीन फाइली, तिन्ही करड्या, आणि प्रत्येकीच्या नावात एक अक्षर: एच, ओ, एस. मला एकदम आपल्या दुकानात आल्यासारखं वाटलं.

कॅमेऱ्याच्या आतली चकती मुळात रंग ओळखत नाही, हे आधी पक्कं करून घ्यावं. तिच्यावरचा प्रत्येक बारीक चौकोन फक्त उजेड मोजतो. आपल्या मोबाइलमध्ये या चौकोनांवर लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या टिकल्या बसवलेल्या असतात. चारांतल्या दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची, १९७६ च्या पेटंटमधली. लग्नाच्या फोटोला ती उत्तम. पण हायड्रोजनचा तांबडा उजेड टिपायचा असेल तर चारांतला एकच चौकोन नीट कामाला येतो, बाकीचे तीन जवळजवळ बसून राहतात. टिकल्या नसलेला मोनो कॅमेरा घेतला आणि त्याच्यापुढे एकेक फिल्टर फिरवत गेलं की प्रत्येक वेळी चारही चौकोन राबतात. वेळ जास्त लागतो, खर्चही. पण हाती येतात ती खरी सेपरेशन्स, छापखान्यासारखी प्रत्येक रंगाची वेगळी.

युक्ती जुनी आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने चौकडीच्या फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांतून घेतलेले तीन काळे-पांढरे फोटो त्याच रंगांच्या उजेडात पडद्यावर एकावर एक पाडले आणि फीत रंगीत दिसली. फोटो काढले होते थॉमस सटनने. यातली मौज शंभर वर्षांनी उघडकीला आली: सटनच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नव्हता! फितीच्या लाल धाग्यांवरून परावर्तित झालेला अतिनील उजेड लाल फिल्टरमधून पार झाला आणि तो ‘लाल’ म्हणून उमटला. म्हणजे जगातल्या पहिल्या मानल्या जाणाऱ्या रंगीत फोटोतला लाल हा डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाला दिलेला रंग होता. या विषयावर ‘पण हे रंग खोटे ना?’ असं कुणी विचारलं की मी आधी ही फीत पुढे करतो.

छापखाना आणि आकाश यांत एक मोठा फरक आहे, तो नवशिक्यांना अडवतो. शाई उजेड गिळते. सगळ्या शाया एकावर एक टाकल्या की काळपट चिखल. पडद्यावर आपण उजेडच एकत्र करतो. लाल, हिरवा, निळा समसमान आले की पांढरा. माझा हात तीस वर्षं पहिल्या पद्धतीने वळलेला, त्यामुळे पिवळा हवा असला की मी अजूनही पिवळी फाइल शोधतो. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, हे डोक्याला पटतं, हाताला नाही.

बाकी मात्र सगळं ओळखीचं निघालं. ऑफसेटच्या प्लेटवर धुळीचा कण बसला की कागदावर मेदुवड्यासारखं गोल उठतं, त्याला आम्ही हिकी म्हणतो. फिल्टरवर धुळीचा कण असला की आकाशाच्या फोटोतही हुबेहूब तसाच मेदुवडा उठतो. तिथे मशीन थांबवून प्लेट पुसायची. इथे पहाटेच्या उजळत्या आकाशाकडे दुर्बीण करून, तोंडावर पांढरं फडकं ताणून ‘फ्लॅट’ काढायचे आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की प्रत्येक चौकट या कोऱ्या चौकटीने भाग. मेदुवडा जातो, कडांचा काळवंडलेपणाही जातो. कॅमेरा स्वतःच्या उष्णतेने जी खोटी टिंबं उमटवतो, ती झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या ‘डार्क’ चौकटी काढून वजा करायची. हे दोन्ही टाळून पुढे गेलेला माणूस मागाहून सगळ्या रात्रीचं काम टाकून देतो. मीही टाकलं आहे.

मग रास, म्हणजे स्टॅकिंग. एकाच फिल्टरच्या पाच-पाच मिनिटांच्या पंचवीस चौकटी एकावर एक रचून सरासरी काढली की खरा उजेड आहे तेवढाच राहतो आणि गोंधळ पाचपट कमी होतो. शंभर रचल्या तर दहापट. वर्गमुळाचा हिशेब आहे, म्हणून पहिल्या काही चौकटींनी चित्र झपाट्याने सुधारतं आणि नंतर रात्रीमागून रात्री घालाव्या लागतात. मुंबईहून उत्तरेकडे निघालेलं विमान एका चौकटीत पांढरी रेघ ओढून गेलं असेल, तर बाकीच्या चोवीस तिला बाहेर काढतात. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या एका शाळकरी मुलाने पन्नास हजारांहून अधिक चौकटींतून चंद्राचं चित्र उभं केलं, ते देशभर गाजलं. ती याच रीतीची कमाई.

पण माझा जीव रमतो तो रजिस्टरमध्ये. छापखान्यात कागदाच्या चार कडांना अधिकच्या चिन्हासारख्या बारीक खुणा असतात. चारही रंगांच्या खुणा एकमेकींवर बसल्या की रजिस्टर जुळलं. डोळ्याला लूप लावून मी ते बघायचो. केसाएवढा सायन बाहेर डोकावला तरी मशीन बंद. तसाच कागद सुटला तर नवरीच्या ओठांना निळी किनार. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन फिल्टरांनी, एकामागून एक असे, साऱ्या साम्राज्याचे काचेवरचे फोटो काढले. चर्च, पूल, टरबुजं सगळं सुरेख जुळतं. वाहतं पाणी आणि चुळबुळणारी पोरं मात्र लाल-हिरव्या किनारींनी फाटलेली दिसतात. तीन फोटोंच्या मधल्या क्षणांत ती हलली होती.

आकाशात खुणा छापून ठेवायची गरज नाही, तारे आहेत. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीतले तारे हुडकतं, त्यांचे त्रिकोण जुळवून पाहतं आणि चौकट सरकवून, फिरवून, गरज पडली तर किंचित ताणून दुसरीवर बसवतं. ‘सिरिल’ फुकट मिळतं आणि या पुस्तकातली कामं त्यावरच केली आहेत. ‘पिक्सइनसाइट’ विकत घ्यावं लागतं. मला सिरिल पुरतं. पडद्यावर एक तारा पाचशे टक्के मोठा करून मी आजही खिशातला जुना लूप काढतो, घरचे हसतात. फिल्टर बदलला की फोकस किंचित सरकतो, म्हणून प्रत्येक फिल्टरला फोकस पुन्हा करायचा. आणि तारा क्षितिजाजवळ असताना हवा निळ्याला तांबड्यापेक्षा जास्त वाकवते, म्हणून खाली उतरलेल्या नक्षत्राचे फोटो घेण्याचा हट्ट सोडायचा.

जुळवून झाल्यावर फाइल उघडली तर काळा पडदा. इथे पुष्कळ जण घाबरतात. सोळा बिटांच्या फाइलीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ६५,५३६ पायऱ्या असतात आणि तेजोमेघ बिचारा तळाच्या काही पायऱ्यांवर अंग चोरून बसलेला असतो. त्याला वर आणायचं, पण ताऱ्यांचे गोळे होऊ द्यायचे नाहीत. याला स्ट्रेच म्हणतात. आमच्याकडे फिल्म ‘उघडणं’ म्हणत, तसलंच. ज्याचा हात हलका, त्याचं चित्र चांगलं. याहून जास्त शब्दांत सांगता येत नाही. तिसरं प्रकरण म्हणूनच नुसत्या चित्रांचं आहे.

आता अक्षरांकडे येऊ. एच म्हणजे हायड्रोजन-अल्फा, ६५६.३ नॅनोमीटर, तांबडा. ओ म्हणजे ओ-थ्री, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, ५००.७ नॅनोमीटर, हिरव्या-निळ्याच्या सीमेवरचा. एस म्हणजे एस-टू, एक इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक, ६७२ च्या आसपास, तोही तांबडाच. एच आणि एस खऱ्या रंगात छापले तर दोन्ही तांबडे एकमेकांत बुडतात आणि कुठे कोणता वायू ते कळत नाही. यावरची तोड म्हणजे तरंगलांबीचा क्रम राखून रंगांना ऐसपैस पसरवणं: गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. १ एप्रिल १९९५ ला हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब टिपले. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांच्या त्या चित्रात हीच वाटणी आहे. (त्या चित्राचा एक कोपरा पायरीसारखा कापलेला दिसतो. तो फाटलेला कागद नाही. कॅमेऱ्यातल्या चार भागांपैकी एक जास्त मोठं करून पाहणारा होता, त्याचा तुकडा आकाराने लहान बसला.) माझी हिरवी जास्वंद आणि हबलचा हिरवा हायड्रोजन यांत कृतीचा फरक काहीच नाही. त्यांनी विचार करून केलं आणि लिहून ठेवलं; माझ्याकडे ते अक्षर कापलं गेलं होतं.

आपल्या शेजारीच याची दोन टोकं आहेत. घोडेगावजवळच्या डोंगरावर गिरवलीला पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिथेही फिल्टर आणि तिथेही काळ्या-पांढऱ्या चौकटी, पण तिथल्या लोकांना चित्र रंगवायची घाई नसते. निळ्या आणि पिवळट-हिरव्या फिल्टरांतून ताऱ्याचं तेज किती वेगळं भरतं त्यावरून ते त्याचं तापमान काढतात. त्यांच्या लेखी रंग हा एक आकडा. दुसरं टोक नारायणगावजवळ खोडदला. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत तिथे आणि आसपास. त्या रेडिओ लहरी ऐकतात, ज्यांना रंग असा नाहीच. तिथून आलेलं नारिंगी-जांभळं चित्र पाहाल तेव्हा त्यातला प्रत्येक रंग कुणीतरी टेबलाशी बसून निवडलेला असतो. आळेफाट्यावरून या दोन्ही ठिकाणांच्या आसपासून आपण शेकडो वेळा जातो, चहाला थांबतो आणि पुढे निघतो.

निवडलेला रंग म्हणजे खोटा रंग, असं मी मानत नाही. कृत्तिकांसारखा ताऱ्यांचा पुंजका लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांतून घेतला असेल, तर सिरिल त्या ताऱ्यांचे मोजलेले रंग सूचीतून काढून चित्र त्यांच्याशी ताडून देतं. तिथे मनमानीला जागा कमी. अरुंद फिल्टरांच्या चित्रात निवड तुमची. फसवणूक होते ती खुलासा गळल्यावर. १९७६ च्या जुलैत व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. त्याच्या पहिल्या रंगीत चित्रात घाईच्या जुळणीमुळे मंगळाचं आकाश निळसर आलं. यानावरच्या रंगपट्टीशी ताडल्यावर ते फिकट गुलाबी निघालं आणि चित्र दुरुस्त झालं. निळ्या आकाशाची सवय आपल्याला इतकी की चूक कुणाला खटकलीही नसावी.

नेपच्यूनची गोष्ट मला जास्त लागते. व्हॉयेजर-२ त्याच्याजवळून १९८९ च्या ऑगस्टमध्ये गेलं आणि गडद निळा नेपच्यून घराघरात पोचला. ढगांचे बारकावे उठून दिसावेत म्हणून चित्र मुद्दाम उठावदार केलं होतं, आणि शास्त्रज्ञांनी ते चित्राखाली लिहिलंही होतं. पुढे छापणाऱ्यांनी चित्र घेतलं, खालची ओळ सोडली. २०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने नव्याने हिशेब मांडला, तेव्हा नेपच्यून जवळजवळ युरेनससारखाच फिकट हिरवट-निळा निघाला, निळ्याची छटा किंचित जास्त इतकंच. ती ओळ सोडणाऱ्यांत मी होतो. शाळांसाठी सूर्यमालेचे तक्ते आम्ही अनेक वर्षं छापले. सायन शंभर टक्के, मॅजेंटा सत्तर, कारण मागच्या तक्त्यावर तसाच होता. आणि त्याच्याही मागच्या तक्त्यावर तसाच असणार. संगमनेर-अकोल्याच्या किती पोरांनी तो निळा वहीत उतरवून घेतला असेल कोण जाणे. आता प्लेटाही मोडीत गेल्या.

म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक चित्राखाली एक करडी पट्टी आहे. कोणता फिल्टर, किती चौकटी, किती मिनिटं, कोणत्या फाइलला कोणता रंग दिला, काय वाढवलं, काय कमी केलं. कुणाला ती पट्टी कंटाळवाणी वाटेल, चित्रं कापून भिंतीवर लावायची असतील तर खुशाल लावावीत. फक्त कात्री पट्टीच्या खालून चालवावी. पहिल्या पानावर मृगातला तेजोमेघ आहे, साम्रदच्या त्या रात्रीचा. तो छापून मी आजोबांना नेऊन दिला, त्यांनी पट्टीवर बोट ठेवून भाच्याकडून ती वाचून घेतली: एच-अल्फा, पाच मिनिटांच्या बावीस चौकटी, लाल. ओ-थ्री, पाच मिनिटांच्या नऊ चौकटी, हिरवा आणि निळा दोन्ही. एस-टू, चार चौकटी, वापरल्या नाहीत. नंतर धुकं.